तीन सायकलींची इन्स्ट्रक्शन महाग कुठे पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गो या भाषेत लिहिलेल्या एका सर्व्हिसमध्ये मोठमोठे बिटमॅप (म्हणजे ० आणि १ च्या लांबलचक माळा) आहेत आणि त्यांत १ असलेले बिट किती हे सतत मोजावं लागतं. प्रोसेसरकडे यासाठी पॉपकाउंट नावाची स्वतंत्र इन्स्ट्रक्शन आहे, म्हणून तुम्ही असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनच्या भाषेत, चार ओळींचं फंक्शन लिहिलं आणि लूपमधून प्रत्येक ६४ बिटांच्या शब्दासाठी ते कॉल केलं. ते साध्या गो कोडपेक्षाही हळू निघालं. मग सीजीओमार्फत, म्हणजे गोमधून सी भाषेतला कोड बोलावायच्या सोयीने, सीचं फंक्शन कॉल करून पाहिलं, तर ते त्याहून कितीतरी हळू. जावावाले सहकारी मात्र लायब्ररीतली एक मेथड वापरतात आणि त्यांना तो वेग आयता मिळतो. असं का होतं, आणि असेंब्लीचा विचार सोडूनच द्यावा का?

सोडून द्यायची गरज नाही. पण एकुलत्या एका इन्स्ट्रक्शनसाठी फंक्शन कॉल करणं हा सगळ्यांत तोट्याचा मार्ग आहे, आणि तुम्ही नेमका तोच घेतलाय. ती इन्स्ट्रक्शन तुमच्या लूपच्या आत कंपायलरला स्वतः बसवू द्या, नाहीतर अख्खा लूपच असेंब्लीत किंवा सीमध्ये न्या. हे असं का, ते नीट समजून घेतलं तर उद्या पॉपकाउंटच्या जागी एफएमए (गुणाकार-बेरीज एकत्र) असो, सीआरसी३२ (चेकसम) असो की एईएसच्या (एन्क्रिप्शनच्या) इन्स्ट्रक्शन असोत, निर्णय तुम्हाला स्वतःला घेता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इन्स्ट्रक्शनची स्वतःची किंमत बघू. पॉपकाउंट एएमडीने २००७ च्या बार्सिलोना पिढीत आणली, इंटेलने २००८ च्या नेहालेममध्ये. इंटेलच्या प्रोसेसरांवर तिची लेटन्सी ३ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) आहे, म्हणजे इनपुट हाती आल्यापासून उत्तर मिळेपर्यंत ३ सायकल लागतात. पण दर सायकलला एक नवी पॉपकाउंट सुरू करता येते. तुमच्या कामात प्रत्येक शब्दाची मोजणी दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, त्यामुळे लेटन्सी झाकली जाते आणि खरी किंमत एका शब्दामागे साधारण १ सायकल पडते. ३ गिगाहर्ट्झच्या मशीनवर १ नॅनोसेकंदात ३ सायकल होतात. म्हणजे आदर्श परिस्थितीत एका शब्दाला नॅनोसेकंदाचा एक तृतीयांश भाग. पुढचा सगळा हिशोब या आकड्याशी ताडून बघा.

आता तुमच्या असेंब्ली फंक्शनचा एक कॉल घ्या. गो १.१७ पासून (ऑगस्ट २०२१) एक्स८६-६४ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर, गोची स्वतःची फंक्शनं पॅरामीटर रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान जागांमधून) देतात-घेतात. हाताने लिहिलेली असेंब्ली मात्र अजूनही जुन्या पद्धतीनेच चालते आणि तिथे सगळी देवघेव स्टॅकवरून, म्हणजे मेमरीतून, होते. म्हणजे शब्द आधी स्टॅकवर लिहायचा, कॉल करायचा, आत तो स्टॅकवरून परत रजिस्टरमध्ये घ्यायचा, पॉपकाउंट चालवायची, उत्तर पुन्हा स्टॅकवर ठेवायचं, परत यायचं आणि कॉल करणाऱ्याने ते उत्तर उचलायचं. नुकतंच लिहिलेलं मेमरीतून लगेच वाचायचं तर प्रोसेसरला चार-पाच सायकल लागतात, आणि इथे तसं दोनदा होतं. शिवाय गोमध्ये फंक्शन कॉलच्या पलीकडे कुठलंच सर्वसाधारण रजिस्टर शाबूत राहील याची हमी नसते. लूपचा काउंटर, स्लाइसचा (गोच्या अ‍ॅरेचा) पत्ता, आतापर्यंतची बेरीज हे सगळं कॉलच्या आधी स्टॅकवर ठेवून नंतर परत आणावं लागतं. आणि सगळ्यांत मोठा मुद्दा म्हणजे गोचा कंपायलर असेंब्ली फंक्शन कधीच इनलाइन करत नाही, म्हणजे त्याचा कोड कॉलच्या जागी उतरवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो बंद डबा आहे.

एवढं सगळं मिळून एका कॉलला दीड-दोन नॅनोसेकंद जातात. आता साध्या गोमध्ये शिफ्ट, मास्क आणि बेरजेच्या युक्तीने तेच बिट मोजले तर डझनभर साध्या इन्स्ट्रक्शन लागतात, पण त्या लूपमध्ये इनलाइन होतात आणि प्रोसेसर त्यांतल्या तीन-चार एकाच सायकलला उरकतो. म्हणून डझनभर इन्स्ट्रक्शनचा कोड एका इन्स्ट्रक्शनच्या कॉलला हरवतो. तुमच्या मोजमापात चूक नव्हती.

सीजीओचं प्रकरण वेगळ्या वजनाचं आहे. गोरूटीनचा (गोच्या हलक्या थ्रेडचा) स्टॅक सुरुवातीला अगदी छोटा असतो आणि गरजेप्रमाणे वाढतो. सी कोडला हे ठाऊक नसतं, त्याला नेहमीसारखा मोठा स्टॅक लागतो. त्यामुळे कॉल करताना सिस्टिम स्टॅकवर जावं लागतं. गोच्या शेड्युलरला सांगावं लागतं की हा थ्रेड आता बाहेर चालला, सी कोड फार वेळ अडकला तर याचा प्रोसेसरचा हक्क दुसऱ्या थ्रेडला दे. परत येताना तो हक्क पुन्हा मागून घ्यावा लागतो. एका रिकाम्या कॉललाही तीस-चाळीस नॅनोसेकंद सहज जातात. मशीन आणि गोची आवृत्ती बदलली की आकडा इकडेतिकडे होतो, पण पातळी तीच राहते. म्हणजे शंभरएक सायकलींचा खर्च करून आपण एका सायकलीचं काम करून आणतो.

एक कोटी बिटांचा बिटमॅप घेऊन हे मांडून बघा. एक कोटी भागिले ६४ म्हणजे १,५६,२५० शब्द. दर सायकलला एक शब्द या वेगाने ३ गिगाहर्ट्झवर सगळी मोजणी ५२ मायक्रोसेकंदांत होते. प्रत्येक शब्दासाठी दोन नॅनोसेकंदांचा असेंब्ली कॉल केला तर सुमारे ३०० मायक्रोसेकंद. प्रत्येक शब्दासाठी चाळीस नॅनोसेकंदांचा सीजीओ कॉल केला तर सव्वासहा मिलिसेकंद, म्हणजे एकशेवीस पट. आणि तोच सीजीओ कॉल अख्ख्या बिटमॅपसाठी एकदाच केला तर? त्या ५२ मायक्रोसेकंदांत ०.०४ मायक्रोसेकंदांची भर पडते, जी मोजतानाही दिसणार नाही. टोलनाक्यावर टोपली न्या की ट्रकभर माल, रांग तेवढीच असते.

मग जावावाल्यांना आयतं कसं मिळतं? त्यांच्याकडे लाँग वर्गातली बिटकाउंट ही मेथड जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून आहे. लायब्ररीत ती शिफ्ट-मास्कच्या युक्तीनेच लिहिलेली आहे. पण हॉटस्पॉट या जावाच्या व्हर्च्युअल मशीनमधला जेआयटी, म्हणजे प्रोग्रॅम चालतानाच मशीन कोड बनवणारा कंपायलर या मेथडला नावानिशी ओळखतो. गरम झालेल्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या लूपमध्ये ती दिसली की तो मेथडचा कोड बाजूला ठेवून थेट पॉपकाउंट इन्स्ट्रक्शन बसवतो. अशा मेथडना इंट्रिन्सिक म्हणतात. कॉल असा होतच नाही. जेआयटीचा आणखी एक फायदा म्हणजे तो ज्या मशीनवर कोड चालणार त्याच मशीनवर कंपाइल करतो. इथे पॉपकाउंट आहे की नाही हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे कोडमध्ये तपासणी घालावी लागत नाही. डॉटनेटमध्येही हेच तत्त्व आहे. डॉटनेट कोअर ३.० (२०१९) पासून प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन थेट नावाने वापरता येतात, आणि ‘ही इन्स्ट्रक्शन उपलब्ध आहे का’ या प्रश्नाचं उत्तर जेआयटी स्थिरांक म्हणून भरतो. नको असलेली शाखा कोडमधून पूर्ण उडून जाते.

गोलाही हे येतं, फक्त मार्ग ठरलेला आहे. गो १.९ मध्ये (ऑगस्ट २०१७) मॅथ/बिट्स हे पॅकेज आलं. त्यातलं वन्सकाउंट६४ हे फंक्शन कंपायलर इंट्रिन्सिक म्हणून ओळखतो. तुम्ही स्वतःचं नवं इंट्रिन्सिक मात्र गोमध्ये जोडू शकत नाही, कंपायलरच्या यादीत जेवढी आहेत तेवढीच. त्यात एक बारकावा आहे. गो आधीच कंपाइल होते, त्यामुळे बायनरी कुठल्या मशीनवर चालेल हे तिला ठाऊक नसतं. म्हणून वन्सकाउंट६४ च्या जागी ‘पॉपकाउंट आहे का ते एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये बघ, असेल तर चालव, नसेल तर सॉफ्टवेअरचं फंक्शन कॉल कर’ असा कोड बनतो. ही तपासणी लूपच्या प्रत्येक फेरीत येते. प्रोसेसरचा ब्रँच प्रेडिक्टर (कुठली शाखा घेतली जाईल याचा अंदाज बांधणारा भाग) तिचं उत्तर लगेच शिकतो, त्यामुळे किंमत थोडी आहे, पण शून्य नाही. गो १.१८ (मार्च २०२२) पासून ‘गोएएमडी६४’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘व्ही२’ ठेवून बिल्ड केलं की तपासणी निघून जाते आणि उरते फक्त इन्स्ट्रक्शन. तुमचे सर्व्हर गेल्या दहा-बारा वर्षांतले असतील तर व्ही२ बिनधास्त ठेवा.

ही तपासणी उगाच घातलेली नाही, हेही लक्षात घ्या. जुन्या मशीनवर पॉपकाउंट चालवली तर प्रोग्रॅम बेकायदा इन्स्ट्रक्शन म्हणून कोसळतो, निदान कळतं तरी. पण सुरुवातीचे शून्य बिट मोजणारी एलझेडसीएनटी घ्या. तिचं एन्कोडिंग म्हणजे जुन्या बीएसआर इन्स्ट्रक्शनपुढे लावलेला एक प्रीफिक्स आहे. जुना प्रोसेसर तो प्रीफिक्स दुर्लक्षून बीएसआरच चालवतो. बीएसआर सुरुवातीचे शून्य मोजत नाही, सर्वांत वरच्या १ बिटाचा क्रमांक देते. प्रोग्रॅम कोसळत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतो. कामगिरीच्या हव्यासात तपासणी काढताना आपण काय काढतोय ते माहीत असावं.

सी आणि रस्टमध्ये लोकांना वाटतं की आपण धातूच्या जवळ आहोत, आपल्याला हे प्रश्न नाहीत. तिथेही डिफॉल्ट बिल्डचं लक्ष्य मूळ एक्स८६-६४ असतं, जे २००३ च्या ऑप्टेरॉनपासून चालत आलंय. त्यात पॉपकाउंट नाही. जीसीसी या सी कंपायलरमध्ये पॉपकाउंटचं बिल्ट-इन (कंपायलरला आतूनच ठाऊक असलेलं फंक्शन) वापरलं आणि योग्य पर्याय दिला नाही, तर लिबजीसीसी या त्याच्या सोबतच्या लायब्ररीतलं एक फंक्शन कॉल होतं. डोळ्यांना बिल्ट-इन दिसतं, आत मात्र कॉल असतो. रस्टमध्ये काउंट-वन्स ही मेथड तशाच स्थितीत शिफ्ट-मास्कची युक्ती पसरवते. दोन्हीकडे कंपायलरला लक्ष्य मशीन सांगितलं की एकच इन्स्ट्रक्शन येते. मी ज्या टीमना मदत करतो त्यांना असेंब्लीचा विषय काढण्याआधी बिल्डचे फ्लॅग तपासायला सांगतो. एवढ्यावरच काम भागलं, असं बऱ्याचदा होतं.

रस्टमधला एक सापळा मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण तो तुमच्याच प्रश्नाचं दुसरं रूप आहे. समजा बायनरी सगळीकडे चालायला हवी, म्हणून तुम्ही एका छोट्या फंक्शनवर ‘यात एव्हीएक्स२ वापरायला परवानगी’ असं टार्गेट फीचर लावलं (एव्हीएक्स२ म्हणजे २५६ बिटांवर एकदम काम करणाऱ्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन) आणि चालताना मशीन तपासून ते कॉल केलं. ही परवानगी कॉल करणाऱ्या फंक्शनला नसेल, तर कंपायलर छोटं फंक्शन त्यात इनलाइन करू शकत नाही, कारण तसं केलं तर परवानगी नसलेल्या ठिकाणी ती इन्स्ट्रक्शन जाईल. मग पुन्हा तेच होतं, एका इन्स्ट्रक्शनसाठी एक कॉल, वर २५६ बिटांची मूल्यं मेमरीतून ये-जा करतात. उपायही तोच. टार्गेट फीचर आणि मशीनची तपासणी दोन्ही लूपच्या बाहेर काढा, लूप असलेल्या मोठ्या फंक्शनवर लावा आणि आतली छोटी फंक्शनं त्यात विरघळू द्या.

इनलाइन असेंब्लीने, म्हणजे सी किंवा रस्टच्या कोडमध्येच असेंब्लीचा तुकडा घातल्याने, कॉल वाचतो हे खरं. पण कंपायलर त्या तुकड्याच्या आत पाहू शकत नाही, आणि ही आंधळेपणाची किंमत कॉलइतकीच मोठी असू शकते. बिल्ट-इनला २५५ हा स्थिरांक दिला तर कंपायलर कंपाइल करतानाच ८ हे उत्तर लिहून मोकळा होतो. इनलाइन असेंब्लीत ती इन्स्ट्रक्शन दर वेळी चालते. अ‍ॅरेवरची पॉपकाउंटची बेरीज दिसली आणि एव्हीएक्स२ ची परवानगी असली, तर क्लँग हा सी कंपायलर ती आपणहून व्हेक्टरमध्ये बदलतो, एका फेरीत चार-चार शब्द मोजतो. क्लँगमध्ये इंटेलच्या नावाचं पॉपकाउंट इंट्रिन्सिकसुद्धा आतून त्याच बिल्ट-इनवर बांधलेलं आहे, त्यामुळे ते वापरलं तरी हा फायदा मिळतो. असेंब्लीचा तुकडा घातला की हे दार बंद होतं.

आणि काही गोष्टी कंपायलर लिहिणाऱ्यांना ठाऊक असतात, आपल्याला सहसा नसतात. सँडी ब्रिजपासून स्कायलेकपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरांत पॉपकाउंटला एक खोटं परावलंबन आहे. इन्स्ट्रक्शन ज्या रजिस्टरमध्ये उत्तर लिहिणार, त्या रजिस्टरच्या जुन्या मूल्याची तिला खरं तर गरज नसते. तरी हार्डवेअर ते मूल्य तयार होईपर्यंत थांबतं. लूपमध्ये प्रत्येक फेरी तेच रजिस्टर वापरत असेल तर दर सायकलला एक असा वेग जाऊन दर तीन सायकलींना एक असा वेग मिळतो. म्हणजे लेटन्सी, जी आपण झाकली गेली म्हणत होतो, ती उघडी पडते. उपाय एका ओळीचा आहे, आधी ते रजिस्टर स्वतःशीच एक्सऑर करून मोकळं करायचं. गोचा कंपायलर हे करतो, जीसीसीच्या नव्या आवृत्त्याही करतात. हाताने असेंब्ली लिहिणाऱ्याला हे स्वतः करावं लागतं, आणि हे कुठल्याही भाषेच्या पुस्तकात सापडत नाही. म्हणून एक-दोन इन्स्ट्रक्शनसाठी मी कंपायलरवर विसंबतो. तिथे अनेकांनी अनेक मशीनवर केलेली मेहनत जमा झालेली असते.

इन्स्ट्रक्शन नसेल तेव्हा काय होतं, हेही आधीच बघून ठेवावं. गुणाकार आणि बेरीज एकाच राउंडिंगमध्ये करणारी एफएमए घ्या. जावा ९ मध्ये मॅथ वर्गात त्यासाठी मेथड आली. हार्डवेअरमध्ये एफएमए असेल तर एक इन्स्ट्रक्शन. नसेल तर लायब्ररीला उत्तर बिटापर्यंत अचूक द्यायचं असतं, म्हणून ती बिगडेसिमल या अचूक पण संथ वर्गाने हिशोब करते. मग वेग शेकडो पटींनी पडतो. सीमध्ये एफएमएचा पर्याय न देता कंपाइल केलं तर गणिताच्या लायब्ररीत कॉल जातो. निव्वळ वेग हवा म्हणून एफएमएची मेथड वापरली असेल आणि अचूकतेची गरज नसेल, तर साधा गुणाकार आणि बेरीज लिहिलेली बरी.

एकाच नावाच्या इन्स्ट्रक्शनची किंमत सगळीकडे सारखी असते, हाही समज काढून टाकायला हवा. बिट विखुरणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या पीडीईपी आणि पीईएक्सटी या इन्स्ट्रक्शन इंटेलच्या हॅसवेलपासून (२०१३) ३ सायकलींत होतात. एएमडीच्या झेन आणि झेन २ मध्ये त्या होत्या, पण मायक्रोकोडने, म्हणजे आत अनेक छोट्या पायऱ्यांत, चालायच्या. मास्कमध्ये जितके बिट जास्त तितका वेळ जास्त, आणि हा आकडा शेकडो सायकलींपर्यंत जायचा. झेन ३ मध्ये (२०२०) त्या वेगवान झाल्या. स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाच्या वेगवेगळ्या बिल्ड असतात, त्यामागचं एक कारण हेच आहे. ‘इन्स्ट्रक्शन आहे का’ एवढंच विचारणारा कोड झेन २ वर ‘हो’ म्हणून पुढे गेला आणि रुतला.

एआरएमचं तर आणखी वेगळं. क्लाउडवर अ‍ॅमेझॉनचा ग्रॅव्हिटॉन प्रोसेसर किंवा हाताशी अ‍ॅपलचा मॅक असेल तर हे तुमच्या कामाचं आहे. मूळ एआरएम६४ मध्ये सर्वसाधारण रजिस्टरवर चालणारी पॉपकाउंट नव्हती. शब्द व्हेक्टर रजिस्टरमध्ये न्यायचा, तिथे प्रत्येक बाइटचे बिट मोजायचे, आठ बाइटांची बेरीज करायची आणि उत्तर परत आणायचं. मोजण्यापेक्षा नेण्या-आणण्यात जास्त सायकल जातात. त्यामुळे एक-एक शब्द नेण्यापेक्षा अख्खा अ‍ॅरे व्हेक्टर रजिस्टरमध्येच मोजून शेवटी एकदाच उत्तर आणणं तिथे कितीतरी फायद्याचं ठरतं.

सीपीयूआयडीचाही इथेच उल्लेख करतो. प्रोसेसरमध्ये काय काय आहे हे विचारणारी ही इन्स्ट्रक्शन साध्या मशीनवरच संथ आहे. इंटेलच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तर ती बिनशर्त हायपरवायझरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जाते, म्हणजे एका प्रश्नाला हजारापेक्षा जास्त सायकल. तपासणी प्रोग्रॅम सुरू होताना एकदा करा आणि उत्तर जपून ठेवा. स्वतःचं डिस्पॅच (मशीन बघून योग्य आवृत्ती निवडणारा कोड) लिहिणाऱ्यांच्या कोडमध्ये ही तपासणी हॉट लूपमध्ये बसलेली मी पाहिली आहे. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ती फारशी जाणवत नाही, क्लाउडवर जाणवते.

पायथॉनबद्दल थोडक्यात. पूर्णांकाची बिट-काउंट मेथड पायथॉन ३.१० मध्ये (ऑक्टोबर २०२१) आली. त्याआधी बायनरी स्ट्रिंग करून त्यातले १ मोजायचे. पण एका मेथड कॉललाच काही दशक नॅनोसेकंद जातात, तर सीटाइप्स या लायब्ररीमार्फत बाहेर सीच्या फंक्शनला कॉल केला तर आकडा शेकड्यांत जातो. तिथे इन्स्ट्रक्शनची चर्चाच व्यर्थ आहे. सगळे बाइट एका मोठ्या पूर्णांकात घेऊन त्यावर एकदाच बिट-काउंट करा, किंवा नमपाय या गणिती लायब्ररीच्या २.० आवृत्तीतलं (जून २०२४) बिटवाइज-काउंट अख्ख्या अ‍ॅरेवर चालवा.

आता दुसरा मार्ग, अख्खा लूप पलीकडे न्यायचा. इथे असेंब्लीचं खरं मोल आहे. वोयचेख मुवा, नेथन कर्झ आणि डॅनियल लेमायर यांनी दाखवलं आहे की मोठ्या अ‍ॅरेवर एव्हीएक्स२ ची व्हेक्टर पद्धत पॉपकाउंट इन्स्ट्रक्शनच्याही दुप्पट वेगाने जाऊ शकते. इंटेलच्या आइस लेक पिढीपासून काही प्रोसेसरांत तर व्हेक्टरवर चालणारी पॉपकाउंटच आहे. हे गोच्या इंट्रिन्सिकमधून मिळत नाही. ‘स्लाइस घ्या, एकूण बेरीज द्या’ एवढा मोठा घास असेंब्ली फंक्शनला दिला तर कॉलचे दोन नॅनोसेकंद विसरून जा.

पण मोठ्या घासाचे वेगळे नियम आहेत. गो १.१४ पासून (फेब्रुवारी २०२०) शेड्युलर गोरूटीनला लूपच्या मध्येही थांबवू शकतो. असेंब्ली फंक्शनच्या मध्ये मात्र थांबवू शकत नाही. कचरा गोळा करणाऱ्या कलेक्टरला सगळ्यांना क्षणभर थांबवायचं असेल आणि तुमचं असेंब्ली फंक्शन पाच मिलिसेकंदांच्या लूपमध्ये असेल, तर बाकी सगळा प्रोग्रॅम त्याची वाट बघत बसतो. सरासरी वेळ छान दिसतो, नव्व्याण्णवाव्या पर्सेंटाइलला, म्हणजे सर्वांत हळू एक टक्का कामांना, मार बसतो. म्हणून काही दशक किलोबाइटांचे तुकडे करून कॉल करा. त्या आकाराला कॉलचा खर्च नगण्यच असतो.

जावाच्या जेएनआयमध्ये (जावातून सीसारखा नेटिव्ह कोड बोलावायच्या सोयीत) याच दुखण्याचं दुसरं रूप होतं. साध्या जेएनआय कॉलला थ्रेडची स्थिती ‘जावात’ वरून ‘नेटिव्हमध्ये’ अशी बदलावी लागते, आणि परत येताना कलेक्टर थांबायला सांगतोय का ते बघावं लागतं. दहाएक नॅनोसेकंदांचा मामला. अ‍ॅरेची नक्कल टाळण्यासाठी लोक क्रिटिकल प्रकारचे कॉल वापरायचे, तेव्हा जी१ हा जावाचा कचरा कलेक्टर तेवढा वेळ अडकून पडायचा. जेडीके २२ (मार्च २०२४) मध्ये जी१ ला फक्त तो भाग जागेवर खिळवून पुढे जाता येऊ लागलं. त्याच आवृत्तीत परकी फंक्शनं कॉल करायची नवी एपीआय पक्की झाली. तिच्यात ‘हे फंक्शन अगदी छोटं आहे, स्थिती बदलू नकोस’ असं सांगायची सोय आहे. डॉटनेटमध्ये तशीच सोय डॉटनेट ५ (२०२०) पासून आहे. या सोयी छोट्या फंक्शनसाठीच आहेत. लांबलचक फंक्शनवर लावल्या तर सगळ्यांना थांबवून ठेवतात.

व्हेक्टर वापरताना आणखी दोन गोष्टी. एव्हीएक्सच्या फंक्शनमधून बाहेर पडताना व्हीझीरोअपर ही इन्स्ट्रक्शन घाला. ती विसरली तर बऱ्याच इंटेल प्रोसेसरांवर नंतर चालणारा जुना एसएसई (१२८ बिटांच्या व्हेक्टरचा) कोड मंदावतो, आणि दोष तुमच्या फंक्शनबाहेर दिसत असल्याने शोधताना दिवस जातो. आणि स्कायलेक पिढीच्या झिऑन या सर्व्हर प्रोसेसरांवर एव्हीएक्स-५१२ च्या जड इन्स्ट्रक्शन चालल्या की कोअरची फ्रीक्वेन्सी उतरते. थोड्याशा मोजणीसाठी शेजारचा सगळा कोड हळू करून घेण्यात अर्थ नाही.

तुमचे बिटमॅप कुठे आहेत, हे मात्र यातल्या कशाच्याही आधी बघा. दर सायकलला ८ बाइट म्हणजे ३ गिगाहर्ट्झवर सेकंदाला २४ गिगाबाइट. एका कोअरला रॅममधून इतका डेटा सतत मिळणं बऱ्याच सर्व्हरवर अवघड असतं. बिटमॅप कॅशमध्ये बसत असेल तर व्हेक्टरचा फायदा दिसेल. शेकडो मेगाबाइट रॅममधून ओढत असाल तर साधी पॉपकाउंटही डेटाची वाट बघत बसेल आणि असेंब्लीची सगळी मेहनत वाया जाईल. अशा वेळी बिटमॅप लहान कसे करता येतील, रिकामे भाग कसे वगळता येतील याकडे लक्ष दिलं तर जास्त मिळतं.

मोजताना स्थिरांक इनपुट देऊ नका, नाहीतर कंपायलर कंपाइल करतानाच उत्तर काढून ठेवेल. उत्तर कुठेतरी वापरा, नाहीतर तो पूर्ण लूप उडवेल. एकच शब्द पुन्हापुन्हा मोजू नका, खऱ्या आकाराच्या अ‍ॅरेवर मोजा. आणि आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी बनलेली मशीन कोडची यादी उघडा. गोमध्ये ऑब्जडंप, जावात जेएमएचचा पर्फअ‍ॅझम प्रोफायलर, सी आणि रस्टसाठी कंपायलर एक्सप्लोरर. लूपच्या आत पॉपकाउंट दिसते की कॉल दिसतो, एवढं बघायला असेंब्ली लिहिता यायची गरज नाही.

तुमच्या जागी मी हे या क्रमाने करीन. चार ओळींचं असेंब्ली फंक्शन काढून टाकीन, लूपमध्ये वन्सकाउंट६४ वापरीन आणि गोएएमडी६४ व्ही२ ठेवून बिल्ड करीन. मग प्रोफाइल घेईन. मोजणी एकूण वेळेच्या पाच टक्क्यांच्या खाली आली तर तिथेच थांबेन. तशी आली नाही आणि बिटमॅप कॅशमध्ये बसत असतील, तरच स्लाइस घेणारं एव्हीएक्स२ चं असेंब्ली फंक्शन लिहीन, ३२ किलोबाइटांच्या तुकड्यांनी कॉल करीन. त्याच्या शेजारी साध्या गोमधली आवृत्ती कायम ठेवीन आणि दोघांची उत्तरं रँडम इनपुटवर, शून्य लांबीच्या स्लाइसवर आणि चारच्या पटीत नसलेल्या लांब्यांवर जुळतात का, हे टेस्टमध्ये तपासत राहीन. एआरएमच्या मशीनवर तीच साधी आवृत्ती चालेल, म्हणून सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) एक एआरएम रनरही लावून ठेवा.